चार टाके आणि एक खो

माझ्या उजव्या खुब्यावर दोन व्रण आहेत. एकेक तुरीच्या दाण्याएवढा. आमच्या नांदगाव पेठेत कुणाला ऑपरेशनचं कळलं की बायका मला आडोशाला नेतात, व्रण पाहायला मागतात आणि पाहून झाल्यावर म्हणतात, "इतकुसंच?"

मीही तसंच म्हटलं होतं. त्या "इतकुसंच"नं माझं जे नुकसान केलं ते सांगायला मी लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे खुर्चीवर, पायाखाली वीट ठेवून. ज्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन व्हायचं आहे किंवा नुकतंच झालं आहे त्यांनी हे जरूर वाचावं. बाकीच्यांनीही वाचावं, पण भेटल्यावर "मॅडम, आता बरं वाटते ना" असं विचारू नये. पाच वर्षं तेच ऐकून माझे कान किटले आहेत.

मी शाळेत पी.टी. शिकवते. मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे आहे. मी स्वतः दहा वर्षांची असल्यापासून पाटीवर बसत आले. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मैदानाच्या मधल्या पट्टीला आम्ही पाटी म्हणतो. तिच्यावर आठ जणी उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी समोरच्या संघातल्या मुलीला पकडायला पळते. पळता पळता ती बसलेल्या एकीच्या पाठीला हात लावते आणि "खो" म्हणते. त्या क्षणी बसलेलीनं उठून धावायचं आणि खो देणारीनं तिच्या जागी बसायचं. उठू की नको असा विचार त्यात नसतोच. तीस वर्षं खेळलं की पाठीला हात लागला की पाय आपले आपण उठतात.

कंबर म्हटलं

दुखणं कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जांघेत. सराव संपवून स्कूटीवर टांग टाकताना आत खोल काहीतरी अडकायचं, वाकडा झालेला ड्रॉवर अडकतो तसं. पण अमरावतीचे ते डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. पडदा म्हणून एक विटका हिरवा कपडा, आणि पडद्यापलीकडे माझ्याच दोन विद्यार्थिनींच्या आया नंबर लावून बसलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास आहे?"

"कंबर दुखते," मी म्हटलं. मैदानावर पोरींना "तोंडातून आवाज काढा गं" म्हणून दिवसभर दटावणारी बाई मी.

एकदा कंबर म्हटलं की पुढचं सगळं कंबरेचं होतं. कंबरेचे फोटो निघाले. पट्टा आला. शेक झाला. मोर्शीच्या नणंदेनं मालिशचं तेल पाठवलं, ते संपलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पहिली फाइल पाहून "कंबर का?" विचारलं, मी मान हलवली. माझ्या चांगल्या धडधाकट कंबरेवर जवळजवळ दोन वर्षं उपचार झाले.

तोवर मला वाकून मोजा घालता येईना. एके दिवशी मैदानावर बुटाची लेस सुटली आणि मी नुसती तिच्याकडे बघत उभी राहिले. आठवीतली रेणुका, माझ्या संघातली सगळ्यात वेगवान पोर, काही न विचारता खाली बसली आणि लेस बांधून पळाली. तिच्या घरी भाजीचा मळा आहे, त्यामुळे गाठ बांधावी तर तिनंच, पक्की. त्यानंतर रोज सरावाआधी ती माझ्या बुटाकडे आधी बघायची.

अकोल्यात

माझी आई अकोल्याला असते. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती आणि तिच्याकडे राहून क्लास करत होती. दिवाळीत मी गेले तर आईनं मला जिना चढताना पाहिलं. "काहून व, पाय घासत चालून राहिली?" ती म्हणाली आणि तिनंच अकोल्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला.

हे डॉक्टर वयस्कर होते. मी "कंबर" असं सुरू केलं तर म्हणाले, "बोलू नका. जिथं दुखतं तिथं नुसता हात ठेवा."

माझा हात आपोआप खुब्याला गेला. अंगठा मागे, चार बोटं पुढे जांघेत, आपण कमरेवर घागर धरतो तशी पकड. डॉक्टर माझ्या हाताकडे पाहून म्हणाले, "कंबर कोण म्हणालं?" मी माझे मिस्टर विलास यांच्याकडे बघितलं, जणू त्यांनीच सांगितलं होतं.

फोटो झाले, मशीनमध्ये तास-दीड तास पडून झालं. मग डॉक्टरांनी हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत फिरवून दाखवली. गोळा आणि वाटी. गोळ्याला एक उंचवटा आहे, पाय पूर्ण दुमडला की तो वाटीच्या काठावर घासतो. काठाला रबरासारखी कड असते, ती फाटली आहे. विलास नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात फिटर आहेत. ते माझ्याआधी समजले. म्हणाले, "म्हंजे वॉशर फाटलं अन् बेअरिंग घासून राहिलं."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. दुर्बिणीतून उंचवटा घासून काढायचा आणि कड शिवायची. खुबा बदलायची वेळ आलेली नाही. मी निःश्वास सोडला, तोच पुढचं आलं. "पण आतलं अस्तर थोडं झिजलंय. ते परत येत नाही. हा सांधा तुमचा स्वतःचा आहे, मॅडम. तो किती वर्षं टिकवायचा ते अर्धं माझ्या हातात आहे, अर्धं तुमच्या. जमिनीवर उकिडवं बसणं आता संपलं."

त्यानंतरचं मी काही ऐकलं नाही. मी बेचाळीस वर्षांची होते. आज ना उद्या लोखंडी खुबा बसवावा लागेल ही भीती एकीकडे आणि मैदान सुटेल ही दुसरीकडे. मला दोन्ही हवं होतं, स्वतःचा खुबाही आणि मैदानही. दवाखान्याबाहेर पार्किंगमध्ये मी रडले. अकोल्याचं ऊन दिवाळीतही कमी नसतं. विलास माझ्या डोक्यावर ती मोठी एक्स-रेची पिशवी धरून उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाला बोलता येत नाही, पण सावली धरता येते.

दोन भोकं

दवाखान्यातले तीन दिवस मला दुखण्यापेक्षा तिथल्या वेळापत्रकानं जास्त दमवलं. पहाटे अंधारात अंग पुसायला येणार, मग ताप बघणार, मग चहा, तो प्यायचा तर कुणी रक्तदाब बघायला हजर. माझ्या पोरी मला शिस्तीची म्हणतात, त्यांनी त्या सिस्टरांना बघायला हवं होतं.

ऑपरेशनच्या वेळी पाय ताणून धरतात. त्यामुळे शुद्धीवर आले तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूला आणि त्याच्या वर काहीच कळत नव्हतं. बधिर. मला वाटलं, संपलं, नस गेली. डॉक्टर राऊंडला आले, "काही विचारायचंय?" म्हणाले, आणि मी पुन्हा तेच केलं. नाही म्हटलं. पुन्हा तीच जागा आणि पुन्हा तीच लाज. दुपारपर्यंत मी घामानं भिजले होते. शेवटी केस धुवायला आलेल्या आयाबाईनं सहज विचारलं, "तठी मुंग्या येऊन राहिल्या का व माय? सगळ्याइलेच येते. दोन रोजात जाते." तिनं पलंगाच्या कडेला माझं डोकं धरून, बादलीतलं कोमट पाणी ओतून केस धुतले. इतकं बरं वाटलं की मी तिचा ओला हात धरून ठेवला. दोन दिवसांनी मुंग्या खरंच गेल्या. तुमचं असं होईल तेव्हा बायांनो, विचारा. दुखणं कुठलंही असो, डॉक्टरला ते जागेचं नाव घेऊन सांगायचं.

पट्टी उघडली त्या दिवशी आई शेजारी होती. दोन भोकं, दोन-दोन टाके. आई चष्मा वर करून बघत राहिली. "इतकुसंच? म्या समजली भल्लं मोठं असन." मीही पाहिलं आणि मला हसू आलं. त्या हसण्यातच सगळं बिघडलं. आतमध्ये हाड घासलं होतं, कड शिवली होती, पण डोळ्यांना दिसत होते चार टाके.

खुर्चीवरचा घास

सहा आठवडे कुबड्या. मी आईकडेच राहिले, कारण तिथे डॉक्टर जवळ आणि घरात उंच पलंग. विलास सुट्टीला येऊन जायचे. शेजारणी बघायला यायच्या, व्रण बघायच्या आणि जाताना आईला म्हणायच्या, "लवकर उठन ती." पंधरा दिवसांनी आईलाही तसंच वाटायला लागलं. मी पलंगावर पाय वर करून पडलेली दिसले की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाळंतपनात तरी इतकी नोती पडून राहिली तू."

एका सकाळी माझा पारा चढला. "तुले चार टाके दिसतात म्हणून तुले वाटते नाटक करते मी," असं मी आईला म्हटलं. माझ्या मुलीनं पुस्तक घेतलं आणि ती गच्चीवर निघून गेली. 

आई आयुष्यभर जमिनीवर पाटावर बसून जेवली. खुर्चीवर जेवणं म्हणजे तिच्या लेखी हॉटेल. त्या दिवशी तिनं माझं ताट टेबलावर ठेवलं, मग आपलंही आणलं, आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली. पाय जमिनीला टेकेनात, म्हणून एरवी बसायला घ्यायचा तो पाट पायाखाली घेतला. पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "खुर्चीवर घास नरड्याखाली उतरत नाई म्हनते लोकं. उतरते बापा." मी हसले आणि रडलेही. ती अजूनही मी गेले की खुर्चीवर जेवते.

आठवी जागा

सातव्या आठवड्यात मी नांदगाव पेठेत आले. कुबड्या सुटल्या होत्या, हातात एक काठी होती. फिजिओ ताईंनी व्यायामाचा कागद दिला होता. त्यावर काय करायचं ते लहान अक्षरात होतं आणि काय करायचं नाही ते मोठ्या. "मैदान" हा शब्द मोठ्या अक्षरांत होता.

पण आठ दिवसांवर तालुक्याचे सामने होते. मी फक्त बघायला म्हणून गेले. रिक्षातून उतरले तर पोरींनी गलका केला. पाटीवर एक जण कमी होती, तिला ताप आला होता. सात जणींवर सराव केला की अंतराचा अंदाज चुकतो, हे मीच त्यांना शिकवलेलं. मग मी जे केलं ते खो-खोवालीच करू शकते. शाळेतली प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि आठव्या जागेवर ठेवून तिच्यावर बसले.

"मी नुसती जागा धरून बसते," मी पोरींना सांगितलं. "मले कोणी खो द्यायचा नाही. मी खांब आहे असं समजा."

पहिली पाच मिनिटं छान गेली. ऊन तिरपं होतं, मातीचा वास होता, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी जिवंत आहे. रेणुका धावत होती. समोरच्या संघातली मुलगी हुलकावणी देऊन माझ्या पाठीमागून सटकली, रेणुका तिच्या मागे, आणि अशा वेळी समोर पाठ दिसली की हात जातोच. तिचा हात माझ्या पाठीला लागला. "खो."

मी उठले. उठले म्हणजे झेपावलेच, डावीकडे वळून तीन पावलं. तिसऱ्या पावलाला आत काहीतरी ओढलं गेलं आणि मी खांब धरून उभी राहिले. डोळ्यांपुढे काजवे. पोरी थिजल्या. रेणुका माझ्या खुर्चीशेजारी उभी होती, हात तसाच पुढे.

"काही नाही झालं," मी म्हटलं. "खेळा. आणि घरी कोणाले सांगायचं नाही."

माझ्या या शेवटच्या वाक्याची फार मोठी किंमत एका पोरीनं मोजली. ते मला तेव्हा कळलं नाही.

हॅन्डल

विलास ड्युटीवरून आले तर मी पलंगावर, कुबड्या पुन्हा शेजारी. मी सांगितलं, "बाथरूममध्ये पाय सरकला."

त्यांचा चेहरा उतरला. बाथरूमची ती गुळगुळीत फरशी बदलू बदलू म्हणत त्यांनी वर्ष घालवलं होतं. रविवारी त्यांनी ड्रिल मशीन आणलं, कारखान्यातून मापाचा स्टीलचा दांडा बनवून आणला आणि भिंतीत भोकं पाडून बसवला. मग फरशीवर रबरी चटई टाकली. मधून मधून घाम पुसत बाहेर येऊन म्हणायचे, "माह्यामुळं झालं थे." मी पलंगावरून ते ड्रिलचं घरघरणं ऐकत होते. तोंड उघडायचं होतं आणि उघडेना. खरं सांगते, दुखण्यापेक्षा तो रविवार वाईट होता.

भीती अशी की आतली शिवण उसवली असेल. रोज सकाळी पाय हलवण्याआधी मी मनात म्हणायचे, आज कळ येऊ नको. यायचीच. दहा दिवसांनी विलास मला घेऊन अकोल्याला गेले. डॉक्टरांनी पाय इकडून तिकडे फिरवून पाहिला आणि विचारलं, "काय झालं होतं?"

"बाथरूममध्ये पाय सरकला."

"सरकल्यावर माणूस पडतो. कुठे खरचटलं? हे दुखणं एकदम उठून वळल्याचं आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. विलास माझ्याकडे बघत होते. मी सगळं सांगितलं, खुर्चीपासून खोपर्यंत.

पुन्हा फोटो निघाले. दोन तास आम्ही बाकावर बसलो, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. शिवण टिकली होती. आजूबाजूला सूज होती, स्नायू दुखावला होता. पुन्हा चार आठवडे कुबड्या, आणि डॉक्टरांचं एकच वाक्य: "या वेळी नशीब होतं. पुढच्या वेळी मला खुबा बदलायचा फॉर्म भरायला लावू नका."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर आलं. तिथे चहाला थांबलो. त्यांनी माझा कप गाडीतच आणून दिला आणि दाराशी उभे राहून म्हणाले, "चार भोकं पाडले मी त्या भिंतीले. एक पाडता पाडता टाइल फुटली, तं दुसरी आनाले अमरावतीले गेलो. तुले तोंडानं सांगता नाई आलं?"

"लाज वाटली," मी म्हटलं.

"मशीन दुरुस्त झाली म्हून पहिल्याच दिवशी फुल लोड देत नाई कोनी. इतकं तं माह्या हाताखालच्या नव्या पोट्ट्यालेबी समजते." मग माझ्या कपाकडे बघून म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला. पे."

तो दांडा अजून तिथेच आहे. रोज सकाळी मी तो धरते.

फट

त्यानंतर मी शहाणी झाले. एकदम नाही झाले. पण व्यायामाचा कागद फ्रिजवर लावला आणि पाच वर्षांत मोजून सांगता येतील इतकेच दिवस चुकवले. पलंगावर पडून कंबर उचलायची, कुशीवर पडून गुडघा उघडायचा, एका पायावर उभं राहायचं. दिसायला इतके किरकोळ की सुरुवातीला मला ते करायची लाज वाटायची. मी पोरींना शंभर उठाबशा काढायला लावणारी. फिजिओ ताई म्हणाल्या, "मॅडम, सांध्याला आजूबाजूचे स्नायू सांभाळतात. ते ढिले पडले की सगळा भार त्या झिजलेल्या अस्तरावर." हे मला पटलं, कारण खो-खोतही एकटी पळणारी जिंकत नाही.

वजन सात किलोनं कमी केलं. घरात कमोड बसवला. लग्नाच्या पंगतीत खुर्ची मागायला शिकले. पहिल्यांदा मागितली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "इतक्या लवकर म्हातारी झाली का व?" मी म्हटलं, "हो, तुमच्या आधी नंबर लागला." महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला मी उभ्यानं पुरण घाटते, लाटायला जमिनीवर बसत नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता दोन जावा माझ्या शेजारी ओट्यावर उभ्या राहून लाटतात, म्हणतात गुडघ्याले बरं पडते.

हिवाळ्यात सकाळी पाय आखडतो. जास्त चाललं की संध्याकाळी आत एक जुनी ओळखीची कुरकुर असते. प्रत्येक कुरकुरीला पहिल्या वर्षी मी घाबरायचे. आता तिच्याशी बोलते: काल काय केलं होतं मी? बहुतेक वेळा उत्तर सापडतं. दोन दिवस आराम केला की जाते. न गेली तर डॉक्टरांना फोन करते आणि जांघ हा शब्द स्पष्ट उच्चारते.

वर्षातून एकदा अकोल्याला फोटो काढायला जातो. डॉक्टर तो उजेडावर धरतात. गोळा आणि वाटी यांच्यात एक बारीक काळी फट दिसते. ती फट म्हणजे माझं अस्तर, ती जितकी राहील तितका खुबा माझा. डॉक्टर मागचा फोटो शेजारी लावतात. ते बघेपर्यंत विलास श्वास घेत नाहीत, मला शेजारी बसून कळतं. आतापर्यंत फट तेवढीच आहे. पुढच्या वर्षी असेल की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरही सांगत नाहीत, आणि मीही विचारायचं सोडलं आहे.

मैदान सुटलं नाही. मी उभी राहून शिकवते. बसून कसं दाखवायचं तर मोठ्या मुली दाखवतात.

वांगी

मागच्या हिवाळ्यात आठवडी बाजारात मळ्यातली भाजी घेऊन बसलेली रेणुकाची आई भेटली. वांगी निवडत मी सहज विचारलं, "रेणुका कशी आहे?" त्या प्रसंगानंतर रेणुका मैदानावर आली नव्हती. आधी म्हणाली पोट दुखते, मग म्हणाली पुढच्या वर्षी दहावी आहे. आया नेहमी असंच करतात, दहावी आली की पोरींचा खेळ बंद. मी चिडले होते आणि विसरून गेले होते. आता ती अमरावतीला कॉलेजात होती.

तिच्या आईनं तराजू खाली ठेवला. "मॅडम, एक विचारू? तुमचा पाय आता कसा हाये?"

"बरा आहे की. का?"

"पोट्टी अजून विचारते. दर येळी म्हनते, आई, मॅडम चालताना दिसल्या का, लंगडून राहिल्या का. म्हने माह्या खोनं मॅडमचं ऑपरेशन मोडलं. तुमी सांगतलं होतं न कोनाले सांगाचं नाई, तं दोन वर्सं आमालेबी नाई सांगतलं तिनं. खेळाचे बूट कुठीसा टाकून देल्ले."

मी हातातली वांगी टोपलीत परत ठेवली. खुर्ची मी ठेवली होती. बसले मी. उठले मी. विलासना खरं सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, शिवण टिकली म्हणून देवाला नारळ वाढवला, आणि नऊ पोरींना, त्यातही हिला, काही सांगायचं मला सुचलंच नाही. चौदा वर्षांच्या पोरीनं माझं गुपित पाळलं होतं. माझा खुबा सांभाळता सांभाळता मी एक खेळाडू घालवली होती.

"रविवारी घरी येते का ती?" मी विचारलं. "मैदानावर पाठवा. म्हणावं मॅडमनं बोलावलं आहे."

दे खो

रविवारी सकाळी ती आली. उंच झाली आहे. पंजाबी ड्रेस, चप्पल, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत फाटकाशीच उभी. सराव संपून पोरी गेल्या होत्या. मी पाटीवर आठव्या जागेवर प्लास्टिकची खुर्ची ठेवून बसले होते. तीच खुर्ची असेल असं नाही, शाळेत तशा पन्नास आहेत.

"ये," मी म्हटलं. ती आली आणि माझ्या पायाकडे बघायला लागली. मी तिला सगळं सांगितलं. शिवण त्या दिवशी तुटली नव्हती. फट तेवढीच आहे. खुर्ची ठेवायची अक्कल माझी होती आणि कोणाला सांगू नका म्हणायची भीतीही माझी. "तुझं काही चुकलं नाही. मीच तुले सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं, रेणुका."

ती रडली नाही. नुसती मान खाली घालून म्हणाली, "माह्या हाताले अजून आठवते, मॅडम. तुमची पाठ."

मी तिच्याकडे पाठ केली. "दे खो."

"नाई."

"दे म्हणते न."

"मॅडम, तुमी उठसान."

"तेच तर बघायचं आहे."

 मागे तिची चप्पल मातीत घासल्याचा आवाज आला. मग पाठीला हात लागला, इतका हलका की साडी हलली असेल तेवढाच, आणि अगदी लहान आवाजात ती म्हणाली, "खो."

माझी मांडी ताठ झाली. टाच उचलली गेली. हातानं खुर्चीची कड धरली. सदतीस वर्षांची सवय आहे, ती काय ऐकते? मी फ्रिजवरचा कागद आठवला, भिंतीतला दांडा आठवला, उजेडावर धरलेली ती काळी फट आठवली. टाच मातीवर परत टेकवली आणि बसून राहिले.

मागून आवाज आला. "मॅडम, उठल्या नाई तुमी. फाऊल."

"फाऊल तं फाऊल," मी म्हटलं. "आता नियमानं खो देणारीनं बसायचं असते."

जागा रिकामी नव्हती, म्हणून ती माझ्या पायाशी खाली मातीत बसली, उकिडवी, पंजांवर, अगदी मी शिकवलं होतं तशी. माझ्या बुटाची लेस चांगली घट्ट होती, तरी तिनं ती सोडली आणि पुन्हा बांधली.